याझू की युरिथमिक्स? जोडी सारखी, गळा वेगळा

ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश सिंथ-पॉपची, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर उभ्या पॉप संगीताची, कुठलीही प्लेलिस्ट लावा, ही दोन नावं शेजारी-शेजारी येणारच. दोन्हीकडे मांडणी तीच. एक पुरुष यंत्रांच्या गराड्यात, जवळजवळ मुका. एक बाई मायक्रोफोनसमोर, आणि तिच्या गळ्यात अमेरिकन सोल संगीताचा जाडसर, खालचा सूर. ड्रमर नाही, बँड म्हणावा असा ताफा नाही. काळही तोच: ऑगस्ट १९८२ ते नोव्हेंबर १९८३ या सव्वा वर्षात दोघांचे दोन-दोन, असे चार अल्बम आले. त्यामुळे ‘ते गाणं कुणाचं रे, याझूचं की युरिथमिक्सचं?’ हा घोळ नवीन ऐकणाऱ्यांचा होतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

समीक्षा लिहिणाऱ्यांनी मात्र तो घोळ वाढवून ठेवलाय. दोन्ही जोड्यांवर गेली चाळीस वर्षं एकच शिक्का मारला जातो: थंड यंत्र आणि ऊबदार आवाज. याझूला तो शिक्का चपखल बसतो. युरिथमिक्सच्या सुरुवातीच्या अल्बमना लावला की साफ फसतो. कारण ‘स्वीट ड्रीम्स’ या गाण्यात सगळ्यात गार काय असेल, तर तो त्यांच्या गायिकेचा, ॲनी लेनॉक्सचा आवाज आहे.

आधी याझू. यंत्रांमागचा व्हिन्स क्लार्क हा डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा सुरुवातीचा गीतकार. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ त्याचंच. १९८१ मध्ये पहिला अल्बम येऊन गाजायला लागला आणि हा पठ्ठ्या त्याच वर्षाच्या शेवटी बँड सोडून मोकळा झाला. इकडे त्याच्याच बॅसिल्डन गावातली ॲलिसन मोये, जन्म १९६१, टोपणनाव ‘आल्फ’, इसेक्समधल्या पबमध्ये पंक आणि ब्लूजच्या बँडांतून घसा फोडून गात होती. तिने ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिरात दिली होती, ती ब्लूज वाजवणारे साथीदार हवेत म्हणून. फोन आला तो सिंथेसायझरवाल्याचा. गंमत म्हणजे डेपेश मोडमधले मार्टिन गोर आणि अँडी फ्लेचर हे तिचे शाळेतले वर्गमित्र. म्हणजे ओळखदेख होती, पण क्लार्क आणि मोये मित्र होते असं काही नाही. एक डेमो करायला भेटलेली ही माणसं. त्या डेमोचं गाणं ‘ओन्ली यू’, आणि ते मार्च १९८२ मध्ये सिंगल म्हणून निघालं तेव्हा ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

नावसुद्धा ब्लूजमधूनच आलं. याझू हे जुन्या ब्लूज ध्वनिमुद्रिका पुन्हा काढणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचं नाव. कंपनीचा हक्क आडवा आला, म्हणून अमेरिकेत या जोडीला ‘याझ’ एवढ्या आखूड नावावर भागवावं लागलं. आजही अमेरिकन लोक याझ म्हणतात आणि इंग्रज याझू. जुने रेकॉर्ड शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर एकच अल्बम दोनदा विकत घ्याल.

‘अपस्टेअर्स ॲट एरिक्स’ हा त्यांचा पहिला अल्बम. शीर्षकातला एरिक म्हणजे एरिक रॅडक्लिफ, लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओचा कर्ताधर्ता. हा स्टुडिओ प्रार्थना बंद झालेल्या एका चर्चमध्ये थाटलेला होता. आता या अल्बमचा आवाज नीट कान देऊन ऐकण्यासारखा आहे. क्लार्कच्या हातात प्रो-वनसारखे सिंथ होते, ज्यांच्यातून एका वेळी एकच सूर निघतो. तीन-चार पट्ट्या एकदम दाबून भरीव गजर करण्याची सोयच नाही. पेटीवर कुणी फक्त एका बोटाने वाजवतंय अशी कल्पना करा. मग त्यावर दुसरी एकबोटी ओळ, मग तिसरी. क्लार्क अशा सुट्या ओळी सिक्वेन्सरवर, म्हणजे दिलेली स्वरओळ आपोआप वाजवत राहणाऱ्या यंत्रावर, बसवून एकमेकींत विणत जातो. ‘ओन्ली यू’च्या सुरुवातीची ती टिपटिपणारी स्वरमाळ ऐका. तिच्या मागे गादीसारखं पसरलेलं काहीही नाही. सुरांच्या मधे नुसती हवा आहे.

आणि त्या मोकळ्या जागेत मोयेचा आवाज उतरतो. समीक्षकांना इथेच मुद्दा दिसायला हवा. तिला साथ देणारं, तिच्या सुरावर पांघरूण घालणारं मागे कुणी नाही. श्वास घेतला तर श्वास ऐकू येतो, सूर किंचित घासला तर घासलेला ऐकू येतो. ‘मिडनाइट’ हे तिने स्वतः लिहिलेलं गाणं तर साथीशिवाय, नुसत्या गळ्यावर सुरू होतं. पहिल्या काही ओळींतच ती खर्जातून वर चढते, मधे सुराला झोल देते, शब्द ओढून धरते आणि मग सोडते. तेव्हा तिचं वय एकवीस. मग यंत्र येतं, ठरलेल्या मात्रेत टिकटिकत. ती मात्र मात्रेच्या थोडी मागे रेंगाळते. यंत्र तिच्यासाठी थांबत नाही, आणि ती यंत्रासाठी घाई करत नाही. या अल्बममधली सगळी ऊब त्या रस्सीखेचीत आहे.

‘डोन्ट गो’मध्ये तीच रस्सीखेच नाचाच्या लयीत येते; ते गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. ‘विंटर किल्स’ तिचंच, संथ आणि उदास. ब्रिटिश पॉपमध्ये इतकं बोचरं गाणं एवढ्या कमी सामानात बसवलेलं फार नाही. पण अल्बम सगळाच सोनं आहे असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ‘आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी’ हा बोललेल्या तुकड्यांचा गुंता आहे, तो एकदा ऐकून पुढे ढकलावा. ‘इन माय रूम’मध्ये क्लार्क मागे ख्रिस्ती प्रार्थना म्हणतो, कल्पना चांगली, पण गाणं लांबतं. मुखपृष्ठावर टेबलाशी बसवलेले, मधोमध तोडलेले दोन पुतळे आहेत. ही जोडी किती काळ टिकणार याचा अंदाज तिथूनच घ्यायला हरकत नव्हती.

‘सिच्युएशन’ हे गाणं ‘ओन्ली यू’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला घातलेलं, म्हणजे तसं दुय्यम. फ्रान्स्वा केव्होर्कियनने त्याचा रिमिक्स केला आणि अमेरिकेच्या डान्स क्लबच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. त्यात मोये एकदा खदखदून हसते. नव्वदीत कॉलेजच्या गॅदरिंगला ‘मॅकरेना’वर नाचलेल्या पिढीला ते हसू ओळखीचं वाटेल: बेसाइड बॉईजने केलेल्या त्या गाजलेल्या रिमिक्समध्ये वापरलेलं हसू तिचंच आहे. म्हणजे याझूचं नावही न ऐकलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी ॲलिसन मोयेला ऐकलेलं आहे.

आता युरिथमिक्सकडे वळू. इथली पार्श्वभूमी जवळजवळ उलटी. ॲनी लेनॉक्स १९५४ ची, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनची. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी आणि पियानो शिकायला आली, कंटाळली, शिक्षण अर्धवट सोडलं. डेव्ह स्टुअर्टशी गाठ पडली. दोघं प्रेमात पडले, ‘द टुरिस्ट्स’ या बँडमध्ये एकत्र होते, डस्टी स्प्रिंगफील्डचं एक जुनं गाणं नव्याने म्हणून १९७९ मध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. पुढच्याच वर्षी बँड फुटला, प्रेमही संपलं, आणि मग या दोघांनी मिळून नवी जोडी काढली. याझू म्हणजे जेमतेम ओळखीची दोन माणसं. युरिथमिक्स म्हणजे एकमेकांना नको इतकी ओळखणारी दोन माणसं. दोघांच्या अल्बमांत हा फरक ऐकू येतो.

त्यांचा पहिला अल्बम ‘इन द गार्डन’ १९८१ चा, जर्मनीत निर्माता कॉनी प्लांकच्या स्टुडिओत केलेला, ‘कॅन’ या जर्मन बँडमधल्या वादकांना घेऊन. तो चालला नाही. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण तिथे अजून लेनॉक्स गिटारींच्या धुक्यात हरवलेली आहे. मग बँकेचं कर्ज काढून आठ ट्रॅकचं, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे टिपता येणारं, रेकॉर्डिंगचं सामान घेतलं आणि उत्तर लंडनमध्ये चित्रांच्या चौकटी करणाऱ्या दुकानावरच्या जागेत ते मांडलं. ‘स्वीट ड्रीम्स (आर मेड ऑफ धिस)’ हा अल्बम जानेवारी १९८३ मध्ये त्यातून निघाला.

शीर्षकगीत सगळ्यांनी ऐकलेलं आहे, म्हणूनच ते नीट ऐकलं जात नाही. खाली मूव्हमेंट नावाच्या ब्रिटिश ड्रम संगणकाचा ठोका. त्यावर सिंथच्या ओळी एकमेकींत अडकवलेल्या, दात्यात दाता बसावा तशा. क्लार्कसारखी हवा इथे नाही; सगळं गच्च. मधेच जो काचेचा किणकिणाट ऐकू येतो तो कमी-जास्त पाणी भरलेल्या दुधाच्या बाटल्यांचा. आणि या गच्च यंत्रावर लेनॉक्स गाते ती सरळ रेषेत. सुराला झोल नाही, मागे रेंगाळणं नाही. ती ठोक्यावर पाय ठेवते आणि तिथेच उभी राहते. मोये यंत्राशी झगडते. लेनॉक्स यंत्राचाच एक भाग होऊन बसते, आणि तसं ती ठरवून करते.

मग सोल कुठे गेलं? ते वरच्या थरात आहे. मुख्य आवाज निर्विकार ठेवून लेनॉक्स त्याच्यावर स्वतःचेच आणखी आवाज रचते, एकावर एक. गाण्याच्या मधल्या भागात शब्द बाजूला पडतात आणि हे आवाज अमेरिकन चर्चमधल्या समूहगानासारखे उसळतात. पुढच्या क्षणी तो थंड चेहरा पुन्हा समोर. याझूमध्ये एक बाई गाते. इथे एकाच बाईने उभा केलेला अख्खा समूह गातो, आणि समोरची बाई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ज्याला हे कृत्रिम वाटतं त्याला मी समजू शकतो. पण कृत्रिम असणं हीच तर इथली कला आहे. ‘स्वीट ड्रीम्स’च्या व्हिडिओत ती भगव्या रंगाचे बारीक केस आणि पुरुषी सूट घालून टेबलाशी बसते. ‘लव्ह इज अ स्ट्रेंजर’च्या व्हिडिओत कुरळा टोप डोक्यावरून उपटून काढते. गळ्यानेही ती तेच करते: भावनेचा टोप घालते आणि आपल्या डोळ्यांदेखत काढून ठेवते.

याच अल्बममध्ये सोलशी उघड नातं सांगणारं एक गाणं आहे, ‘रॅप इट अप’. मूळ सॅम अँड डेव्ह या जोडीचं, आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टरने लिहिलेलं. युरिथमिक्सच्या हातात ते चक्क आखडून गेलंय. माझ्या मते अल्बमचं सगळ्यात कमजोर गाणं हेच, आणि ते का कमजोर आहे हे कळलं की लेनॉक्स त्या काळात काय करत होती तेही कळतं. सोलची चाल जशीच्या तशी तिला अजून अंगाला बसत नव्हती. उलट शेवटचं ‘धिस सिटी नेव्हर स्लीप्स’, लंडनच्या भुयारी रेल्वेची घरघर मागे ठेवून हळूहळू रांगत जाणारं, तिथे तिचा आवाज पहिल्यांदा सैल सुटतो. त्याच्यासाठी अल्बम शेवटपर्यंत ऐकावा.

मधल्या काळात याझू संपली होती. ‘यू अँड मी बोथ’ जुलै १९८३ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पण तेव्हा जोडी मोडल्याचं जाहीर झालेलं होतं. दोघं स्टुडिओत शक्यतो वेगवेगळ्या वेळी यायचे. मुखपृष्ठावर एकमेकांवर दात विचकणारे दोन डालमेशियन कुत्रे. इतकं सरळ बोलणारं मुखपृष्ठ क्वचितच असेल. ‘हॅपी पीपल’ हे गाणं तर मोयेने गायला नकार दिला म्हणून क्लार्कला स्वतः गावं लागलं, आणि ते ऐकल्यावर तिचा नकार पटतो.

तरीही गायकीच्या बाजूने बघाल तर मला हा दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा सरस वाटतो. इथली निम्म्याच्या आसपास गाणी मोयेने लिहिलेली आहेत आणि ती स्वतःच्या गळ्याचं माप घेऊन बेतलेली आहेत. ‘नोबडीज डायरी’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं ते योग्यच. पण ‘ओड टू बॉय’ जास्त ऐकावं. जेमतेम हलणारी यंत्रं, आणि त्यावर ती एखाद्या माणसाचं वर्णन करत जाते, जवळजवळ कुजबुजत. पबमध्ये घसा फोडणारी मुलगी दीड वर्षात इथवर आली. पहिल्या अल्बममध्ये ‘ओन्ली यू’ आहे म्हणून सगळे त्यालाच वरचा नंबर देतात. मी देणार नाही.

‘टच’ हा युरिथमिक्सचा नोव्हेंबर १९८३ चा अल्बम. तोही पहिल्या क्रमांकावर. आता आठ ट्रॅकची कोंडी सुटलेली, लंडनच्या क्राउच एंड भागातल्या चर्चच्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ, आणि ‘हिअर कम्स द रेन अगेन’साठी मायकल केमनने बांधलेला व्हायोलिनचा ताफा. मुखपृष्ठावर काळा मुखवटा घातलेली लेनॉक्स दंड फुगवून उभी आहे. ‘हिअर कम्स द रेन अगेन’ ऐकताना खाली टिपटिप करणारा सिंथ आणि वर वाहणारी व्हायोलिनं यांच्या मधे तिचा आवाज बघा कुठे उभा आहे. ‘स्वीट ड्रीम्स’मधला बर्फ वितळायला लागलाय, पण पाणी अजून थंडच आहे. ‘राइट बाय युअर साइड’मध्ये ती कॅरिबियन ढंगात बागडते; काहींना आवडतं, मला तो वेश तिच्या अंगावर ढगळ वाटतो.

एवढं झाल्यावर ओळखायची खूण सांगतो. गाणं अनोळखी असेल तर आधी आवाजाकडे जाऊ नका, साथीकडे जा. सिंथच्या ओळी सुट्या मोजता आल्या आणि त्यांच्या मधे मोकळी जागा असली तर याझू. सगळं एकजीव, खालून भरलेलं, आणि गायिकेच्या मागे तिचेच चार आवाज असले तर युरिथमिक्स. मग गळा: खरखरीत, मात्रेमागे रेंगाळणारा, एकटा असेल तर मोये. गुळगुळीत, टोकदार, ठोक्यावर अचूक असेल तर लेनॉक्स. १९८३ पर्यंतच्या गाण्यांना ही खूण बहुतेक वेळा लागू पडते. पुढे मात्र नाही, कारण पुढे दोघींनी जागा बदलल्या.

मोयेचा एकटीचा पहिला अल्बम ‘आल्फ’ नोव्हेंबर १९८४ चा. टोनी स्वेन आणि स्टीव्ह जॉली हे निर्माते, स्पँडाऊ बॅलेचं ‘ट्रू’ घडवणारे. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तुफान खपला. त्यात ‘इन्व्हिजिबल’ हे मोटाउन या अमेरिकन सोल कंपनीच्या लॅमाँट डोझियरने लिहिलेलं गाणं आहे, म्हणजे सोल थेट मुळापासून आलेलं. आणि तरी काहीतरी हरवलंय. सिंथ इथेही आहेत, पण ते आता चकचकीत फर्निचर झालेत. मधली हवा बुजवून टाकलीय. तिला झगडायला समोर कुणी उरलं नाही. ‘ऑल क्राइड आउट’ आजही उत्तम वाटतं ते तिच्या गळ्यामुळे, साथीमुळे नाही. आणि लोकांनाही बहुधा तो गळा उघडाच हवा होता: १९८५ मध्ये तिने बिली हॉलिडेचं जुनं ‘दॅट ओल डेव्हिल कॉल्ड लव्ह’ म्हटलं, आणि ते ‘आल्फ’मधल्या कुठल्याही सिंगलपेक्षा वर, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

लेनॉक्स त्याच १९८५ मध्ये ‘बी युअरसेल्फ टुनाइट’ घेऊन आली. स्टीव्ही वंडर येऊन हार्मोनिका वाजवून गेला आणि ‘देअर मस्ट बी ॲन एंजल’ पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘सिस्टर्स आर डूइंग इट फॉर देमसेल्व्ज’मध्ये ती अरेथा फ्रँकलिनच्या शेजारी उभी राहून गाते आणि दबत नाही. ‘रॅप इट अप’मध्ये आखडलेली तीच गायिका दोन वर्षांत इथे पोचली. सिंथ मागे सरले, माणसं वाजवायला आली, आणि आवाज मोकळा झाला. ज्यांना ‘ऊबदार आवाज’ हा शिक्का लेनॉक्सवर मारायचाय त्यांनी तो या अल्बमवर मारावा. पण मग ‘थंड यंत्र’ उरत नाही.

ब्रिट या ब्रिटनमधल्या संगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गायिकेचा मान १९८४ मध्ये लेनॉक्सला, १९८५ मध्ये मोयेला आणि १९८६ मध्ये परत लेनॉक्सला मिळाला. दोघींना एकाच तराजूत घालायची सवय तिथेही पक्की झाली असावी. आणि एक धागा तर फारच मजेशीर. मोयेचं १९८६ चं ‘इज धिस लव्ह?’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं. सहगीतकार म्हणून नाव छापलंय ज्यां ग्वियो. हा ज्यां ग्वियो म्हणजे टोपणनावाने लिहिणारा डेव्ह स्टुअर्ट. म्हणजे त्या गाण्यात एका जोडीचा गळा आणि दुसऱ्या जोडीचं यंत्रामागचं डोकं एकत्र आलेलं आहे. ऐकून बघा. त्यात ना याझूची हवा आहे, ना युरिथमिक्सचा बर्फ. छान, गोड, रेडिओवर चालणारं गाणं आहे, बस.

क्लार्क पुढे गायक अँडी बेलला घेऊन इरेजर या नव्या जोडीत रमला, आणि बेलच्या गाण्यावर मोयेची छाप कुणालाही ऐकू येईल. ‘यू अँड मी बोथ’चा दौरा मात्र कधी झालाच नव्हता, कारण अल्बम येण्याआधीच जोडी मोडली होती. २००८ मध्ये क्लार्क आणि मोये पुन्हा एकत्र आले, तेव्हा कुठे पंचवीस वर्षं जुन्या त्या गाण्यांना रंगमंच मिळाला. त्या दौऱ्याचं ध्वनिमुद्रण ‘रिकनेक्टेड लाइव्ह’ नावाने २०१० मध्ये निघालं. मूळ अल्बम आधी ऐका, मग हे. सत्तेचाळिशीतली मोये तीच गाणी कशी म्हणते ते लागलीच शेजारी ठेवून बघता येतं.